फॅनच्या कंडेन्सरमध्ये २.२ वालं प्लॅस्टिकच का? (आणि पीयूसीच्या दोन गणितांचा घोळ)

निपाणीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी सेकंड पीयूसी (कर्नाटकातली बारावी) सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे गेल्या वर्षी सगळं एकदम इंग्रजीत आल्यावर धांदल उडाली होती, आता बऱ्यापैकी सावरलोय. पण कपॅसिटरच्या (चार्ज साठवणारा, बोलीत कंडेन्सर) धड्यात दोन ठिकाणी गाडी अडलीय.

पहिलं. समांतर पट्ट्यांच्या कपॅसिटरमध्ये डायइलेक्ट्रिकची (वीज न वाहू देणाऱ्या मालाची) चकती सरकवली की एका गणितात साठलेली ऊर्जा वाढते आणि दुसऱ्यात कमी होते. चकती तीच, के (त्या मालाने कपॅसिटन्स, म्हणजे चार्ज साठवण्याची क्षमता, किती पट होते तो आकडा) सुद्धा तोच ५. हे कसं काय? क्लासमध्ये विचारलं तर "सूत्र बघ आणि आकडे घाल" एवढंच.

दुसरं. के जास्त तर कपॅसिटन्स जास्त, हे पाठ आहे. परवा बाबांनी फॅनचा कंडेन्सर बदलला, जुना मी फोडून बघितला. आत नुसती चकाकत्या प्लॅस्टिकची गुंडाळी. शोधलं तर ते पॉलिप्रॉपिलीन, आणि त्याचा के फक्त २.२! पाण्याचा ८०, अभ्रकाचा ५ ते ७, काही सिरॅमिकचा तर हजारांत. मग हे २.२ वालं का वापरतात? निव्वळ स्वस्त म्हणून?

खानापूर_वायंडर

आधी एक सांग, फोडायच्या आधी डिस्चार्ज केला होतास का? फॅनचा कंडेन्सर लहान, झटका देऊन सोडतो. पण हाच उद्योग मोटरीच्या कंडेन्सरवर करशील तर अंगाशी येईल. ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसीचा कंडेन्सर वरच्या टोकाला (६२२ व्होल्टला) भरलेला राहिला तर त्यात सहा-सात ज्यूल असतात. आमच्याकडे लोक स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून "ठाप" करतात, तेही बरोबर नाही, आतलं टोक उडतं. साधा जुना तारेचा बल्ब दोन टोकांना लावायचा, काम झालं.

बाकी फिजिक्सचं बाई सांगतील. त्या अजून झोपल्या नसतील तर.

अनगोळच्या_बाई

जागीच आहे.

बाळ, तुझी ती दोन्ही गणितं परत काढून बघ. एकात "बॅटरी काढून घेतल्यानंतर" असं असेल आणि दुसऱ्यात "बॅटरी जोडलेली असताना". मुलं तेवढेच शब्द डोळ्यांआड करतात आणि थेट सूत्रावर उडी मारतात. पेपर तपासताना वर्षानुवर्षं हेच बघत आले.

आकडे घेऊनच बोलू. हवेचा कपॅसिटर, १०० पिकोफॅरड, १०० व्होल्टला भरला. चार्ज १० नॅनोकूलोम, ऊर्जा ०.५ मायक्रोज्यूल.

आता बॅटरी काढली. पट्ट्यांवरच्या चार्जला जायला वाटच उरली नाही, तो १० नॅनोकूलोमच राहणार. के ५ ची चकती पूर्ण आत घातली, कपॅसिटन्स झाला ५०० पिको. चार्ज तोच, म्हणून व्होल्टेज उतरून २० वर आलं. ऊर्जा ०.१ मायक्रोज्यूल. उरलेली ०.४ कुठे गेली? पट्ट्यांच्या कडेला क्षेत्र बाहेर फुगलेलं असतं ना, ते चकतीला आत खेचतं. तू चकती धरून सावकाश आत सोडलीस तर ते काम तुझ्या हातावर झालं. हात सोडलास तर चकती झोकाने आत जाईल, दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावेल, परत येईल, आणि शेवटी घर्षणात सगळी उष्णता होऊन थांबेल.

आता बॅटरी जोडलेलीच ठेव. व्होल्टेज १०० वर बांधलेलं. कपॅसिटन्स पाचपट झाला म्हणजे चार्ज ५० नॅनोकूलोम, ऊर्जा २.५ मायक्रोज्यूल. दोनाने वाढली. पण बॅटरीचा हिशेब मांड: तिने जादा ४० नॅनोकूलोम १०० व्होल्टवर ढकलले, म्हणजे ४ मायक्रोज्यूल दिले. दोन साठले, दोन चकती ओढण्यात गेले. चकती दोन्ही वेळा आतच ओढली जाते, हे विसरू नको. "ऊर्जा वाढते म्हणजे चकती ढकलून घालावी लागते" असं लिहिणारे दर वर्षी भेटतात.

आणखी एक खाच. बॅटरी जोडलेली असताना आतलं विद्युतक्षेत्र के पटीने कमी होत नाही! व्होल्टेज तेच, अंतर तेच, मग क्षेत्र तेवढंच राहणार. "डायइलेक्ट्रिक घातलं की क्षेत्र कमी" हे फक्त बॅटरी काढलेल्या कपॅसिटरचं वाक्य आहे. गणित हातात आलं की पहिल्या ओळीत लिहायचं: चार्ज स्थिर की व्होल्टेज स्थिर. मग पुढे.

निपाणीचा_पोरगा

बाई, एकदम डोक्यात शिरलं. बॅटरीच्या ४ ज्यूलचा हिशेब कुणी सांगितलाच नव्हता. पण चकती मुळात करते काय? ती तर इन्सुलेटर आहे, तिच्यातून चार्ज जात नाही.

अनगोळच्या_बाई

४ मायक्रोज्यूल म्हण. एकक गाळलंस की मार्क गेला.

चार्ज जात नाही, पण जागच्या जागी सरकतो. प्रत्येक अणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग धन पट्टीकडे केसभर झुकतो. चकतीच्या पोटात शेजाऱ्यांचे धन-ऋण एकमेकांना खोडून काढतात, शिल्लक राहतो तो फक्त दोन तोंडांवरचा थर. धन पट्टीसमोर ऋण थर, ऋण पट्टीसमोर धन. के ५ असेल तर हा बांधील चार्ज पट्टीवरच्या चार्जच्या ८० टक्के भरतो (१ वजा १/के). म्हणजे क्षेत्रासाठी उरले २० टक्के, एक पंचमांश. के म्हणजे एवढंच.

हे प्रयोगाने जगासमोर मांडलं मायकेल फॅरेडेने, १८३७ मध्ये. एकात एक बसवलेले धातूचे गोल, मधल्या पोकळीत कधी हवा, कधी काच, लाख, गंधक. त्याच्या आधी हेन्री कॅव्हेंडिशला हे सापडलं होतं, पण त्याने ते छापलंच नाही. १८७९ मध्ये मॅक्सवेलने त्याची कागदपत्रं प्रसिद्ध केली तेव्हा लोकांना कळलं. फॅरडला नाव मात्र फॅरेडेचं मिळालं.

येळ्ळूरकर_शेती

बाई नमस्कार. आमाला ते मायक्रोज्यूल काय कळत नाय, पण कंडेन्सर म्हटल्यावर आलो बगा. आमच्या बोअरच्या सिंगल फेज मोटरीच्या बॉक्सात दोन कंडेन्सर हायत. एक काळा गोल, एक पांढरा. काळा सारखा फुटायलाय. पांढरा आपला हाय तसा हाय. दोघंबी कंडेन्सरच की ओ, मग काळ्यालाच काय धाड भरल्या?

खानापूर_वायंडर

अण्णा, उत्तर देतो, पण या पोराचा दुसरा प्रश्न आधी सुटू दे. तुमच्या काळ्या कंडेन्सरचं दुखणं त्याच्याशीच जोडलेलं आहे.

उद्यमबाग_मेंटेनन्स

मग मी घेतो दुसरा प्रश्न. फाउंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स करतो, दिवसभर कपॅसिटर बँकांच्याच (एकत्र जोडलेल्या कपॅसिटरांच्या) नादी असतो.

पोरा, सूत्रात के एकटा नाही. के वर आहे, क्षेत्रफळ वर आहे, अंतर खाली आहे. तू फक्त के कडे बघायलास. फॅनचा कंडेन्सर २.५ मायक्रोफॅरड. समज प्लॅस्टिकबिस्टिक काही नाही, दोन पट्ट्या, मध्ये १ मिमी हवा. हवेचा एप्सिलॉन (सूत्रातला स्थिरांक) ८.८५ पिकोफॅरड प्रति मीटर. क्षेत्रफळ किती येतं काढ. २८२ चौरस मीटर. आपल्या हिशेबात पावणेतीन गुंठ्यांच्या वर. एका फॅनसाठी! के ८० चं काहीतरी भरलंस तरी साडेतीन चौरस मीटरची पट्टी हवी, दाराएवढ्या दोन फळ्या.

आता तू फोडलेली गुंडाळी. फिल्मची जाडी ६ मायक्रॉन धर, के २.२. क्षेत्रफळ ०.७७ चौरस मीटर. फिल्म ५ सेमी रुंद असेल आणि दोन फिती एकावर एक गुंडाळल्या तर प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी कामाला येतो, म्हणजे साधारण पावणेआठ मीटर लांबीत विषय संपला. मुठीत मावतो. खरी कमाई के ची नाही, जाडीची आहे. १ मिमीवरून ६ मायक्रॉनवर आलास म्हणजे १६० पटींहून जास्त फायदा, आणि त्यावर के चे २.२ वरकमाई.

मग प्रश्न उरतो, इतकी पातळ फिल्म टिकते कशी? कंडेन्सरवर ४४० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं, त्याचं टोक ६२२ व्होल्ट. ते ६ मायक्रॉनवर म्हणजे मिमीला १०० किलोव्होल्टच्या वर. हवा मिमीला ३ किलोव्होल्टला राम म्हणते. चांगली पॉलिप्रॉपिलीन फिल्म मिमीला ६०० किलोव्होल्टच्या आसपास जाऊन फाटते. तर के २.२ भिकार असेल, पण दम भारी आहे. साठणारी ऊर्जा के च्या पटीत वाढते, पण क्षेत्राच्या वर्गाच्या पटीत. दुप्पट क्षेत्र सोसणारा माल चौपट ऊर्जा ठेवतो.

पुण्यातला_टिळकवाडीकर

मुद्दा पटला, एक दुरुस्ती. हवेचे ३ किलोव्होल्ट प्रति मिमी हे मोठ्या अंतरांचं. त्या हिशेबाने ६ मायक्रॉन हवा १८ व्होल्टला फुटायला हवी, पण तसं होत नाही. इतक्या लहान फटीत इलेक्ट्रॉनला वेग घेऊन अणूंवर आदळायला जागाच मिळत नाही. फ्रीड्रिख पाशेनने १८८९ मध्ये हा वक्र काढला, हवेसाठी त्याचा तळ साधारण ३३० व्होल्टवर आहे. अर्थात ६२२ व्होल्टला ती फट वाचणार नाहीच, आणि ६ मायक्रॉन अंतरावर पाऊण चौरस मीटर पत्रे सपाट धरून ठेवणारा कारागीर अजून जन्मायचाय.

पण सिरॅमिकचं उत्तर राहिलं की! के हजारांत असताना ते का नको?

उद्यमबाग_मेंटेनन्स

येतो तिकडेच. चहा प्यायला सोडाल की नाही.

कपॅसिटरला एसी दिली की आतल्या अणूरेणूंना सेकंदाला ५० वेळा इकडून तिकडे व्हावं लागतं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये फक्त इलेक्ट्रॉनांचे ढग हलतात, ते क्षणात साथ देतात. ज्याच्या रेणूला मुळातच धन-ऋण टोकं आहेत, त्याला अख्खं अंग वळवावं लागतं. के त्यामुळेच वाढतो आणि घोटाळाही त्यामुळेच होतो. वरातीत ताशाने ठेका वाढवला की पोरं नाचून जातात, पोट सुटलेले काका अर्धा ठोका मागे राहतात आणि घामाघूम होतात, तसं. हा मागे राहण्याचा हिशेब म्हणजे टॅन डेल्टा.

फॅनच्या कंडेन्सरवर समजा ३०० व्होल्ट आहेत. रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (नुसती ये-जा करणारी, खर्च न होणारी) साधारण ७० व्हीएआर; तिला टॅन डेल्टाने गुणलं की आतली उष्णता. पॉलिप्रॉपिलीनचा टॅन डेल्टा ०.०००३ धर, आत उष्णता ०.०२ वॉट, काहीच नाही. बेरियम टायटेनेटच्या जास्त के वाल्या सिरॅमिकचा ०.०२५ धर, पावणेदोन वॉट. त्या एवढ्याशा डबीत, छताला, मे महिन्यात, बारा-बारा तास. शिवाय त्याचा के व्होल्टेज चढलं की घसरतो, तापमान बदललं की बदलतो. मोबाइलच्या बोर्डावर कमी व्होल्टला तो राजा आहे, तिथे शेकड्यांनी बसवलेले असतात. फॅनवर नाही.

आमच्या इंडक्शन फर्नेसला तर फ्रिक्वेन्सीच ५०० ते १००० हर्ट्झ. १००० केव्हीएआरची बँक असेल तर ०.०००३ ने सुद्धा ३०० वॉट उष्णता आतच होते, म्हणून त्या कपॅसिटरना पाण्याच्या नळ्या जोडलेल्या असतात. टॅन डेल्टा ०.००५ चा माल आत असता तर ५ किलोवॉट. पाणी थोडा वेळ जरी तुंबलं तरी डबा फुगतो. उन्हाळ्यात कूलिंगच्या पाण्यात क्षार साचून नळी चोंदली की पहिला फोन मलाच.

निपाणीचा_पोरगा

म्हणजे के, दम आणि टॅन डेल्टा असं तिहेरी बघायचं. आमच्या पुस्तकात के चा तक्ता आहे, दमाचं एक वाक्य आहे, टॅन डेल्टाचं नावच नाही. आणि पाण्याचं काय? के ८०, फुकट मिळतं.

पुण्यातला_टिळकवाडीकर

पाण्याचे रेणू वळणारेच, आणि त्यात विरघळलेले क्षार. नळाचं पाणी घातलंस तर कपॅसिटर नाही, हीटर झाला. अति शुद्ध पाणी मात्र खरंच वापरतात, प्रचंड पल्स देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांमध्ये. तिथे चार्ज काही मायक्रोसेकंदच टिकवायचा असतो, तेवढ्यात तो गळून जात नाही. फॅनच्या कामाचं नाही ते.

चिकोडीची_ताई

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. तुमचं वाचून काल करूनच बघितलं. पोरांनाही दाखवता येईल असं आहे.

जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, २० बाय २० सेमी, त्यावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवली. मध्ये पारदर्शक पॉलिएस्टर शीट, जाडी ०.१ मिमी, के ३.२ च्या जवळपास. हिशेबाने ११ नॅनोफॅरडच्या वर यायला हवं. कपॅसिटन्स मोजणारा मल्टीमीटर लावला तर ४! मला वाटलं मीटरची बॅटरी गेली. मग वर नुसता तळहात दाबला तर आकडा चढायला लागला. कणकेचा डबा ठेवला तर ८ च्या पुढे गेला. डबा उचलला की परत खाली. फॉइलवर एक सुरकुती होती, ती नखाने सपाट केली तर परत थोडा वाढला. आकडा असा हातासरशी हलताना बघायला फार मजा आली.

एक विचारायचं होतं: बॅटरी जोडलेली असताना चकती आत खेचली जाते म्हणता, ते घरी दिसेल का?

अनगोळच्या_बाई

ताई, छान केलंत. तुमच्या ४ मध्ये हवा लपलेली आहे. फॉइल आणि शीट यांच्यामध्ये सगळी मिळून ०.०६ मिमीच्या जवळपास हवा असली तरी आकडा ११ वरून ४ वर येतो, कारण ०.१ मिमी शीट कपॅसिटन्सच्या हिशेबात फक्त ०.०३ मिमी हवेएवढी मोजली जाते (जाडी भागिले के). म्हणजे ती एवढीशी हवा शीटपेक्षा दुप्पट "जाड" ठरली. पोराच्या पुस्तकात जे सूत्र आहे, छेदात अंतर वजा जाडी अधिक जाडी भागिले के, ते हेच. कणकेच्या डब्याने हवा ०.०१३ मिमीपर्यंत दाबली तेव्हा ८ आले.

खेचणं घरी दिसणार नाही. तुमच्याच मापाचा कपॅसिटर, ४०० व्होल्ट दिले, तरी ओढ ३ मिलिन्यूटन, म्हणजे गुंजभर वजनाच्या दोन-तीन पट, ०.३ ग्रॅम. शीट फॉइलला जी चिकटून बसते तिचं घर्षणच त्याहून जास्त. आणि शाळेत ४०० व्होल्ट नकोतच.

खानापूर_वायंडर

ताईंच्या प्रयोगातली ती हवा हीच आमच्या धंद्यातली खरी शत्रू. वर्गात ती फक्त आकडा कमी करते. एसी कंडेन्सरमध्ये ती कंडेन्सर मारते. गुंडाळीत बुडबुडा राहिला की त्यात क्षेत्र शेजारच्या प्लॅस्टिकपेक्षा जास्त पडतं, आणि दम मात्र हवेचा कमी. मग त्या बुडबुड्यात बारीक ठिणग्या चालू होतात, बाजूचं प्लॅस्टिक कुरतडत जातात. म्हणून मोठे कंडेन्सर व्हॅक्यूममध्ये सुकवून तेल भरतात. तेलाचा के २ च्या वर, प्लॅस्टिकच्या जवळचा, हवा राहायला जागा नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात डबीचं सील गेलं की ओल शिरते, मग तेही संपलं.

जाता जाता: भंगारात फार जुना तेलाचा कंडेन्सर मिळाला तर फोडू नका. पूर्वी त्यात पीसीबी नावाचं तेल भरायचे, ते विषारी, २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभर बाद ठरवलेलं. तांब्या-पत्र्याच्या चार पैशांसाठी हात घालू नये.

आता फॅनच्या फिल्मवर धातूचा थर एवढा पातळ असतो की कुठे प्लॅस्टिक फुटलं तर ठिणगीने आजूबाजूचा धातूच वाफ होऊन उडतो आणि ते भोक आपोआप वेगळं पडतं. कंडेन्सर चालूच राहतो, फक्त तेवढं क्षेत्रफळ गेलं. अशी भोकं वाढत गेली की २.५ चा १.८ होतो. फॅन जळत नाही, नुसता सावकाश फिरतो, आणि लोक म्हणतात बेअरिंग गेलं. पोरा, तू फोडलेली गुंडाळी अजून असेल तर उजेडासमोर धर. सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील.

निपाणीचा_पोरगा

दिसले!! खिडकीत धरून बघितले. बाहेरच्या वेढ्यांत कमी, आत एका पट्ट्यात भरपूर, मधोमध गोल आणि कडा धुरकट. एके ठिकाणी दोन थरांत एकाच जागी ठिपका आहे.

येळ्ळूरकर_शेती

आता तरी माझ्या काळ्या कंडेन्सराचं सांगा की ओ. पोराचं झालं, ताईंचं झालं.

खानापूर_वायंडर

अण्णा, हं. तुमचा पांढरा म्हणजे रनिंगचा, आत हेच पॉलिप्रॉपिलीन. काळा म्हणजे स्टार्टिंगचा, मोटर सुरू करतानाच लागणारा, ८० ते १०० मायक्रोफॅरडचा. तेवढा मोठा प्लॅस्टिकचा केला तर डबा बॉक्सात मावणार नाही. म्हणून त्यात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर रासायनिक पद्धतीने चढवलेला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर. ऑक्साइडचा के ९ च्या आसपास, पण जादू परत जाडीची: थर मायक्रॉनहून पातळ. जागा वाचली, पण टॅन डेल्टा वाईट. १०० मायक्रोफॅरड २३० व्होल्टवर म्हणजे १६०० व्हीएआरच्या वर. पाच टक्के नुकसान धरलं तरी ८० वॉट, एवढ्याशा काळ्या डबीत. तो दोन-तीन सेकंदांसाठीच बनवलेला असतो.

आता तुम्ही काय करता ते मला माहीत आहे. व्होल्टेज कमी असतंय, मोटर हूं करून बसते, आणि तुम्ही हिरवं बटण दाबून धरता, घेईल घेईल म्हणून.

येळ्ळूरकर_शेती

व्हय की. न्हाईतर घेतच नाय. रात्री लाइन आल्यावर सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू व्हायल्यात, लाइट पिवळी पडत्या.

खानापूर_वायंडर

मग तीन सेकंदांत घेतली नाही तर बटण सोडा. पाच मिनिटं थांबा, डबी निवू दे, मग परत. दुसरं, पांढराही एकदा मीटरवर मोजून घ्या. त्यावर ३६ लिहिलंय ना? ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ३४ च्या खाली आला असेल तर तोच मुद्दा. रनिंगचा खाली आला की मोटरीचा जोर कमी, आणि सगळा बोजा काळ्यावर. तुम्ही काळे बदलत बसलाय, दुखणं पांढऱ्यात असू शकतं. मोजायच्या आधी मेन बंद, वायर काढा, बल्ब लावून डिस्चार्ज. पुढे मगच हात.

अनगोळच्या_बाई

पोरा, आता तुला एक गणित, बघू किती शिरलं. तोच १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, के ५. अर्ध्या क्षेत्रफळात चकती भरली तर किती? आणि पूर्ण क्षेत्रफळावर, पण अर्ध्या जाडीची चकती ठेवली तर किती? डायइलेक्ट्रिक दोन्हीकडे सारखंच लागलं.

निपाणीचा_पोरगा

पहिल्यात दोन कपॅसिटर शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल. ५० अधिक २५०, ३०० पिकोफॅरड.

दुसऱ्यात सिरीज. अर्ध्या अंतराची हवा २०० पिको, अर्ध्या अंतराची चकती १००० पिको. सिरीजमध्ये १६६.७ पिकोफॅरड. माल तेवढाच, पण जवळजवळ निम्मं.

आणि बाई, १०० व्होल्ट लावले तर हवेवर ८३.३ व्होल्ट पडतात आणि चकतीवर १६.७. जाडी सारखी, म्हणजे हवेत क्षेत्र बरोबर पाचपट. वायंडर काकांचा बुडबुडा हाच ना?

अनगोळच्या_बाई

हाच. फक्त बुडबुडा चपटा असेल तर पूर्ण के पट, गोल असेल तर त्याहून कमी, दीडपटीच्या आतच. एवढं पीयूसीला विचारत नाहीत. दोन्ही उत्तरं बरोबर, एककंही लिहिलीस.

येळ्ळूरकर_शेती

वायंडर भाऊ, पांढरा मोजून आणला. ३६ चा २९ दाखवायलाय. खानापूरला येऊ का हितंच घेऊ?

खानापूर_वायंडर

त्यासाठी एवढ्या लांब कशाला येताय, बेळगावातच घ्या. ३६ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचाच मागा. दुकानदार ५० चा बसव म्हणाला, जोर वाढेल म्हणाला, तर ऐकू नका, वायंडिंग तापतं. आणि जुना मला पाठवून द्या कुणाकडून तरी, या पोराला उजेडात धरायला देऊ.